फुंकरीचं फुकटचं श्रेय

व्हिडिओ गेमची कॅसेट चालली नाही की तिच्या तोंडात फुंकर मारायची, हे आपल्याला नेमकं शिकवलं कोणी? शाळेत हा धडा नव्हता. खोक्यातल्या माहितीपत्रकाची एक बाजू चिनी भाषेत असायची आणि दुसरी ज्या इंग्रजीत असायची, ते वाचून चिनी बरी वाटायची. घरातल्या वडीलधाऱ्यांचा या विषयातला अधिकार ‘बंद कर ते आता’ एवढ्यापुरताच. तरीही सांगलीच्या गल्लीतला, डोंबिवलीच्या चाळीतला आणि मडगावच्या वाड्यावरचा पोरगा एकाच पद्धतीने, कॅसेट ओठांशी आडवी धरून, डावीकडून उजवीकडे फुंकत होता. जपानमधली पोरं तेच करत होती, अमेरिकेतलीही तेच. तेव्हा घरात इंटरनेट नव्हतं. परदेशी बोलायचं तर बूथमध्ये मीटरच्या आकड्यांकडे बघत बोलावं लागे, आणि ‘कॅसेटला फुंक’ एवढं सांगायला कोणी कोणाला आयएसडी लावला असेल असं वाटत नाही. तरी हा उपाय पोचला. संघटना नाही, वर्गणी नाही, फ्लेक्स नाही, आणि जगभर प्रसार.

उपाय म्हणून मात्र तो कुचकामी होता.

इथे काही वाचक दुखावतील, याची कल्पना आहे. ‘आमची तर फुंकल्यावर चालायची’ असं तुम्ही म्हणाल. चालायची ना. पण फुंकरीने नव्हे. भलत्याला श्रेय मिळाल्याची उदाहरणं आपण घरात, कचेरीत आणि गणेशोत्सव मंडळात रोज पाहतो. त्यातलंच हे एक, फक्त जरा जास्त टिकलेलं.

नव्वदच्या दशकात आपल्या घरांत टीव्हीखाली जो डबा असायचा तो बहुतेक वेळा नकली. मूळ यंत्र निन्टेन्डो कंपनीचं फॅमिकॉम. ते जपानमध्ये १५ जुलै १९८३ रोजी विक्रीला आलं. त्याच्या नकला पूर्वेकडून निघून आपल्या बाजारात पोचल्या. डब्यावरचं नाव दर दुकानात वेगळं. आत मारिओ तोच. दुकानदार भाव सांगायच्या आधी कॅसेटवरचा आकडा वाचून दाखवायचा. “९९९९ गेम आहेत साहेब यात.” वडील मनातल्या मनात भागाकार करायचे. रोज एक नवा खेळला तरी पोरगं २७ वर्षं गुंतून राहील, तोवर नोकरीला लागेल, मग आपली सुटका. घरी येऊन डबा लावला की कळायचं, गेम हाताच्या बोटांवर मोजावेत इतकेच. पुढे तेच पुन्हा फिरून. मारिओ पहिल्या टप्प्यापासून सुरू झाला तर तो एक गेम, तिसऱ्या टप्प्यापासून सुरू झाला तर दुसरा. टँक साधा असेल तर एक, टँक पाण्यावरून चालला तर वेगळा. सरकारी अहवालातसुद्धा एवढी मोजदाद कोणी केली नसेल.

यातल्या काही कॅसेटींच्या यादीच्या पडद्यावर समुद्रकिनारा दिसायचा, वर पक्षी उडायचे आणि एक संथ, गोड सूर वाजायचा. तो सूर ‘अनचेन्ड मेलडी’ या गाण्याचा. १९९० च्या ‘घोस्ट’ या हॉलिवूडपटामुळे ते गाणं नव्याने गाजलं होतं. ते विरहगीत आहे, हे आमच्या पिढीतल्या कित्येकांना लग्नानंतर कळलं. आजही ते कुठे वाजलं तर हे लोक बायकोचा हात धरायचं सोडून ‘आता रिमोट दे’ म्हणून दोन्ही अंगठे पुढे करतात.

तर फुंकर. फुंकणाऱ्यांची एक उतरंड असे. ज्याच्या घरचा गेम तो आधी फुंकणार. मग त्याचा सख्खा भाऊ. मग शेजारची पोरं, वयानुसार. कोणाच्या फुंकरीत हवा किती आणि थुंकी किती, यावर तोंडावरच चर्चा होई. मुलींना फुंकायला सहसा देत नसत, कारण त्यांची कॅसेट पहिल्या झटक्यात चालायची आणि मग बाकीच्यांची पंचाईत. सगळे थकले की गल्लीतल्या दादाला बोलावणं जाई. दादा बारावीला दुसऱ्यांदा बसलेला असे, म्हणून भर दुपारी घरी सापडे. तो यायचा, कॅसेट खिडकीच्या उजेडात धरायचा, आत डोकावून ‘कार्बन धरलाय’ असं निदान करायचा, बनियनच्या टोकाने पुसायचा आणि डोळे मिटून एकच लांब फुंकर. कॅसेट आत, बटण खाली, आणि पडद्यावर मारिओ! दादाच्या फुंकरीत दम आहे, यावर गल्लीचं एकमत होतं. पहिला डाव अर्थातच त्याचा. तो संपेपर्यंत चारच्या मराठी सिनेमाची वेळ व्हायची आणि आई टीव्ही परत मागायची.

आता दादाच्या फुंकरीचं शवविच्छेदन करू. कॅसेटच्या तोंडाशी, आतल्या हिरव्या पट्टीच्या कडेला पिवळसर दात दिसतात. एका बाजूला ३०, दुसऱ्या बाजूला ३०. डब्याच्या खाचेत तेवढीच स्प्रिंगची बोटं असतात. बोट दाताला टेकलं की वीज खेळते. दातांवर हवेने, धुळीने आणि फरसाण खाऊन न धुतलेल्या हातांनी एक पातळ थर चढतो. मग काही बोटं टेकूनही टेकत नाहीत. कॅसेट उपसून पुन्हा बसवली की बोटं दातांवरून घासत जातात आणि थर थोडा खरवडला जातो, किंवा कॅसेट केसभर इकडेतिकडे बसते आणि जुळून येतं. म्हणजे काम करत होती ती ‘काढ आणि घाल’ ही क्रिया. फुंकर त्या दोघींच्या मधे उभी होती, एवढंच तिचं कर्तृत्व. दादा यायच्या आधी चौघांनी काढघाल करून दात घासून ठेवलेले असत. दादा फक्त वेळेवर पोचायचा.

फुंकर निरुपद्रवी असती तरी चाललं असतं. पण तोंडातून नुसती हवा येत नाही. सोबत वाफ येते, आणि लहान पोरांच्या तोंडातून त्याखेरीज जे येतं ते दुपारच्या जेवणावर अवलंबून. धातूला ओल लागली की तो गंजणार. खुद्द निन्टेन्डोने ग्राहकांना बजावून सांगितलेलं आहे की कॅसेटमध्ये फुंकू नका, श्वासातल्या ओलाव्याने पिना खराब होतात. म्हणजे आपण आज कॅसेट चालू करत होतो, आणि ती पुढच्या महिन्यात बंद पडावी याचीही सोय करत होतो. ती बंद पडली की पुन्हा दादा. दादाचा मान इतकी वर्षं टिकला, त्याचं इंगित हे.

काढघालीचं हे प्रकरण सुरू झालं १९७६ मध्ये. अमेरिकेत फेअरचाइल्ड कंपनीचं ‘चॅनल एफ’ हे यंत्र आलं; गेमचा प्रोग्रॅम साठवलेल्या, बदलता येणाऱ्या कॅसेटी त्यात पहिल्यांदा आल्या. त्या कामाचा म्होरक्या होता जेरी लॉसन हा कृष्णवर्णीय इंजिनिअर. त्याआधी घरच्या यंत्रात कारखान्याने जे भरलं असेल तेच कंटाळा येईपर्यंत खेळायचं, आणि कंटाळा आल्यावरही तेच. लॉसनच्या कॅसेटीने जगातली पोरं सुखी केली. पण जी वस्तू सतत लावायची-काढायची ती मळणार आणि झिजणार. तेव्हा ‘लूज कॉन्टॅक्ट’ हा रोगही तिच्याबरोबरच जन्मला.

अमेरिकन पोरांचे हाल आपल्याहून जास्त. तिकडे १९८३ च्या सुमारास व्हिडिओ गेमचा बाजार असा आपटला होता की दुकानदार नाव काढू देत नव्हते. म्हणून निन्टेन्डोने १९८५ मध्ये तिकडे नेलेलं यंत्र व्हीसीआरच्या रूपात नेलं. कॅसेट समोरून आत सरकवायची आणि मग खाली दाबायची. दिसायला झकास, पण त्या दाबादाबीत आतली ७२ बोटं सैल पडायची. त्यात नकली कॅसेटी अडवायला यंत्रात एक आणि कॅसेटमध्ये एक अशा दोन रखवालदार चिपा. दोघांचं बोलणं अखंड चालू हवं. संपर्क जरा तुटला की यंत्रातला रखवालदार संशयाने यंत्र सारखं बंद-चालू करत राहायचा, आणि समोरचा तांबडा दिवा लुकलुकत बसायचा. आपल्या डब्यांना ही कटकट नव्हती. मूळ जपानी फॅमिकॉममध्येच असा रखवालदार नव्हता, आणि आपली तर त्याची नक्कल. चोराने स्वतःच्या घराला कुलूप कशाला लावायचं?

आपल्याकडे कॉन्टॅक्ट गेला की त्यातही करमणूक असे. या कॅसेटीत प्रोग्रॅमच्या पिना वेगळ्या आणि चित्रांच्या वेगळ्या. प्रोग्रॅमची पीन रुसली तर पडदा नुसता कोरा. पण चित्रांकडची एखादी रुसली की संगीत बिनचूक, उड्या बिनचूक, वेळ बिनचूक. फक्त मारिओच्या जागी नळाचा तुकडा, ढगांच्या जागी इंग्रजी आकडे आणि शत्रूच्या जागी अर्धी वीट. आम्ही तसंच खेळायचो. पुन्हा काढून घालायची जोखीम कोण घेणार? नळाच्या तुकड्याने उडी मारून अर्ध्या विटेला चिरडलं की शंभर गुण मिळायचे, आणि आनंद पुरा व्हायचा.

हे सगळं मी एवढ्या अधिकाराने सांगतोय, कारण गेली काही वर्षं माझ्याकडे कॅसेटी येतात. जुनं काहीबाही उघडून बसायची सवय आहे, हे सोसायटीत कोणाला तरी कळलं आणि माळे उघडू लागले. साड्यांच्या दुकानाची पिशवी, तिच्यात गुंता झालेल्या वायरी, मोडका आकाशकंदील, आणि तळाशी कॅसेट. देताना वाक्य ठरलेलं: “बघा जमलं तर, घाई काही नाही.” याचा अर्थ ‘उद्या संध्याकाळी येतो.’

कॅसेट उघडणं हा पहिला सोपस्कार. निन्टेन्डोच्या अमेरिकन कॅसेटींना ३.८ मिलिमीटरचा खास स्क्रू असतो, साध्या स्क्रू ड्रायव्हरला तो दाद देत नाही. आपल्या नकली कॅसेटींचा स्वभाव मोकळा. एखादा स्टार स्क्रू, तोही स्टिकरखाली लपवलेला, किंवा नुसत्या खाचा. नखाने उचकटल्या की उघडतं आणि त्यातली एक खाच हमखास मोडते. आत बघितल्यावर मालकाचा चेहरा पाहण्यासारखा असतो. बाहेरून तळहाताएवढं प्लास्टिक, आणि आत बोटभर पट्टी. अडीच बीएचकेमध्ये एकच भाडेकरू, आणि तोही दाराजवळ सतरंजी टाकून. पट्टीच्या मधोमध डांबराच्या थेंबासारखं काहीतरी काळं. चिप थेट पट्टीवर बसवून वरून काळं रेझिन ओतलेलं असतं. खर्च वाचवायची रीत. ती चिप मेली तर कोणी काही करू शकत नाही. पण ती सहसा मरत नाही. गेम तिच्यात कारखान्यातच कोरून आलेला असतो, खेळून खेळून पुसला जात नाही. बिघाड जवळजवळ नेहमी दातांचाच. एका गृहस्थांना हे काही पटेना. आतली रिकामी जागा ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “आमची उघडायच्या आधी भरलेली होती हो. हलवली की आवाज यायचा.” आवाज आत आधीच मोडून पडलेल्या खाचेच्या तुकड्याचा होता. पण तेव्हापासून मी कॅसेट मालकासमोरच उघडतो.

दात पुसायला आयसोप्रोपाइल अल्कोहोल लागतं, मोबाइल दुरुस्त करणारे ज्याला आयपीए म्हणतात ते. निदान ९० टक्के शुद्ध, ९९ असेल तर उत्तम; कारण उरलेलं असतं ते पाणी, आणि पाण्यापासून तर आपण पळतोय. औषधाच्या दुकानात मागितलं तर सॅनिटायझर पुढे करतात. त्यात पाणी असतं, चिकटपणा असतो आणि गुलाबाचा वास असतो. कॅसेटला तिन्ही नको. म्हणून पुण्यातल्या पासोड्या विठोबाजवळच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत गेलो. काउंटरवरच्या काकांनी मान वर न करता विचारलं, “कशाला हवंय?”

“कॅसेटच्या पिना पुसायला.”

“टेपची?”

“नाही, व्हिडिओ गेमची.”

आता मान वर झाली. माझ्या पांढऱ्या मिशीकडे बघून ते म्हणाले, “मुलाच्या?”

“माझ्याच.”

“बरं,” ते म्हणाले आणि बाटली काउंटरवर ठेवली. त्या एका ‘बरं’मध्ये माझ्या आयुष्याचं संपूर्ण मूल्यमापन होतं. पैसे मोजून घेताना मात्र हळूच म्हणाले, “काँट्राची कॅसेट आहे का?”

काम तसं साधं. इअरबड आयपीएत बुडवायचा, निथळवायचा आणि दातांच्या लांबीच्या दिशेने, वरून खाली फिरवायचा. आडवा फिरवला तर एका दाताची घाण दुसऱ्याकडे जाते आणि कापसाचे तंतू फटींत अडकतात. पहिला इअरबड काळाकुट्ट निघतो. दुसरा राखाडी. तिसरा पिवळट, आणि बघता बघता दातांच्या मधोमध एक उजळ रेघ उमटते, जिथे डब्यातलं बोट टेकायचं नेमकं तिथे. एवढं करून पट्टी वाऱ्यावर वाळू द्यायची. हट्टी डाग असेल तर पांढरं मऊ खोडरबर, हलक्या हाताने, आणि नंतर कचरा झटकून पुन्हा आयपीए. शाळेत शाईसाठी जो निळा भाग असायचा तो नको; तो खरखरीत असतो, घाणीबरोबर मुलामाही खातो. मूळ कॅसेटींच्या दातांवर सोन्याचा मुलामा असतो, पण तो इतका पातळ की ‘सोनं आहे’ असं घरात मोठ्याने बोलू नये.

ज्या मूळ कॅसेटींच्या पाठीवर इंग्रजी सूचना असते, तिथे स्पष्ट छापलंय: बेन्झीन, थिनर, अल्कोहोल यांनी पुसू नये. आणि जगभरचे कॅसेट पुसणारे लोक आज पुसतात अल्कोहोलने. कंपनी त्या काळी स्वतःचा सफाईचा संच वेगळा विकत होती, हे फक्त नमूद करतो.

याहून भारी उपाय आमच्या दुसऱ्या मजल्यावर झाला. तिथल्या आजींनी दिवाळीच्या आधी समई, ताम्हन, घंटा असं सगळं चिंच आणि मीठ लावून घासायला काढलं. नातवाची कॅसेट शेजारी पडली होती, तिच्या तोंडाशी पिवळं काही दिसलं, मग तिचाही नंबर लागला. घासून, धुऊन, उन्हात वाळवून त्यांनी ती माझ्याकडे पाठवली. “लख्ख केलीये. आता फक्त चालवून दे.” लख्ख होती यात वाद नाही. मुलामा पार गेला होता, आतलं तांबं उघडं पडलं होतं आणि आठवड्याभरात त्यावर हिरवट छटा आली. आजींना हे सांगायची माझी छाती झाली नाही. दात पुन्हा पुसून कॅसेट कशीबशी चालती केली. आजी सगळ्यांना सांगतात, चिंचेने चालू झाली. फुंकरीनंतर श्रेय लाटणारी ही दुसरी.

कॅसेट स्वच्छ झाली तरी डब्याची खाच राहते. तिथे बोट जात नाही. जुनं व्हिजिटिंग कार्ड घ्यायचं, त्याला पातळ सुती कापड गुंडाळायचं, आयपीएचा ओलावा द्यायचा आणि हळू आतबाहेर करायचं. लग्नपत्रिकेचा जाड कागदही चालतो, मात्र ज्यावर सोनेरी चुरा असतो ती पत्रिका नको. बोटं सैल झाली असतील तर घराघरांत त्यावर उपाय असायचाच. कॅसेटखाली कागदाची घडी, कॅसेट जरा तिरकी, आणि वर वजन म्हणून दहावीचं गाईड. त्या गाईडाचा तेवढाच उपयोग झाल्याची उदाहरणं मला माहीत आहेत.

दुरुस्त झालेली कॅसेट न्यायला जे येतात, त्यांना खेळायचं असतं असं नाही. त्यांना पोरांपुढे पराक्रम सिद्ध करायचा असतो. बँकेतले एक साहेब आपल्या लेकीला घेऊन आले. काँट्रा लावल्यावर त्यांचे अंगठे आपोआप हलले: वर वर, खाली खाली, डावं उजवं डावं उजवं, बी, ए. तीस जीव! हेच गृहस्थ ओटीपीचे सहा आकडे वाचून टाइप करेपर्यंत विसरतात. हा मंत्र मुळात कोनामी कंपनीतल्या काझुहिसा हाशिमोतो यांचा. १९८६ मध्ये ‘ग्रेडियस’ हा गेम तपासताना तो त्यांना स्वतःलाच जड जायला लागला, म्हणून त्यांनी आपल्यापुरती ही सोय केली आणि ती गेममध्ये तशीच राहून गेली. २०२० मध्ये हाशिमोतो वारले. इकडे साहेबांच्या लेकीने विचारलं, “बाबा, म्हणजे तुम्ही चीटिंग करून जिंकायचात?” साहेबांनी कॅसेट पिशवीत टाकली.

बॅटरीवाल्या कॅसेटी हा नाजूक विभाग. माझा भाचा न्यू जर्सीहून आला तेव्हा गेम बॉय या हातात धरून खेळायच्या यंत्राची ‘पोकेमॉन गोल्ड’ घेऊन आला. त्या गेममध्ये दिवस-रात्रीचं घड्याळ असतं आणि ते कॅसेटमधल्या चपट्या सेलवर अहोरात्र चालतं. त्यामुळे आधीच्या ‘पोकेमॉन रेड’ आणि ‘ब्लू’पेक्षा तिचा सेल लवकर संपतो. आणि तुमची सगळी कमाई, म्हणजे पकडलेले प्राणी, बिल्ले, नाव, हे त्याच सेलच्या जोरावर जिवंत असतं. सेल काढला की सगळं गेलं. “मामा, सेव्ह जाणार नाही ना?” तिशी ओलांडलेला, मोठ्या कंपनीत मॅनेजर असलेला माणूस, दवाखान्याच्या बाकड्यावरचा आवाज. आधी वाचकयंत्राने सेव्ह कॉम्प्युटरवर उतरवून घेतली, मग पाय जोडलेला नवा सेल डाग देऊन बसवला. (सेल नुसता चिकटपट्टीने बसवू नये, आणि बिनपायाच्या सेलला थेट डाग देऊ नये, तो तापून फुटू शकतो.) सेव्ह परत चढवली. गेम सुरू झाला, सगळे प्राणी हजर. भाच्याने डोळे पुसले. ताई म्हणाली, “घराच्या किल्ल्या महिन्याला हरवतो, आणि हे बघ.” त्याने कॅसेट मऊ पाकिटात घातली, पाकीट डबीत, डबी बॅगेत. खेळला नाही. जायच्या दिवसापर्यंत नाही.

न खेळण्यालाच किंमत आहे म्हणा. जुलै २०२१ मध्ये अमेरिकेत ‘सुपर मारिओ ६४’ ची सीलबंद कॅसेट लिलावात १५ लाख ६० हजार डॉलरला गेली. तिच्यात विशेष काय? कोणी उघडली नाही, खेळली नाही, फुंकली नाही. ही बातमी सोसायटीच्या ग्रुपवर आल्यावर दुसऱ्याच दिवशी दोघे-तिघे ‘९९९९ इन १’ घेऊन भाव विचारायला आले. दुसऱ्या टोकाला अटारी कंपनी. तिने १९८३ मध्ये न खपलेल्या कॅसेटी न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डो गावी चक्क कचऱ्यात पुरल्या. २०१४ मध्ये त्या उकरून काढल्या आणि त्यातली ‘ई.टी.’ची एक स्मिथसोनियन संग्रहालयात गेली. माळा आवरायला काढणाऱ्या गृहिणींना हा दाखला मी आवर्जून सांगतो. आतापर्यंत त्याचा परिणाम झालेला नाही.

निन्टेन्डोने मात्र पोरांच्या तोंडाचा अनुभव लक्षात ठेवलेला दिसतो. २०१७ च्या ‘स्विच’ यंत्राच्या कॅसेटी लहान झाल्या, पोराने गिळाव्या एवढ्या. म्हणून त्यांच्यावर डिनॅटोनियम बेन्झोएट नावाचं एक अतिकडू रसायन लावलेलं असतं. तोंडात गेली की कॅसेट आपोआप बाहेर.

एक दुखणं मात्र मला बरं करता येत नाही. बंदुकीने बदकं मारायचा गेम. कॅसेट स्वच्छ, बंदूक शाबूत, नेम अचूक, तरी बदक पडत नाही. दोष बदकाचा नाही, टीव्हीचा. ती बंदूक जुन्या, पाठीला पोट असलेल्या टीव्हीच्या पडद्यावर ज्या क्षणी उजेड उमटतो तो क्षण हेरते. आजच्या सपाट टीव्हीत चित्र थोडं उशिरा आणि वेगळ्या रीतीने उमटतं, त्यामुळे तिला काही दिसतच नाही. माझ्याकडे आलेली अशी सगळी बदकं सध्या अमर आहेत, आणि गेममधला कुत्रा प्रत्येकाला हसतो.

तेव्हा वाचकहो, माळ्यावर कॅसेट सापडली तर आधी फक्त चार-पाच वेळा काढून घाला. तेवढ्याने नाही भागलं तर ९९ टक्क्यांचं आयपीए आणि इअरबड. त्याने नाही भागलं तर पांढरं खोडरबर, हलक्या हाताने. पूर्ण वाळल्याखेरीज डब्यात लावू नका. गेम बॉय असेल तर त्यातले पेन्सिल सेल आजच काढून ठेवा, ते पाझरले की कॅसेट धडधाकट आणि यंत्र मेलेलं अशी गत होते. आणि चिंच आमटीत घाला.